लिपस्टिक जुनीच, मग ओठांना त्रास का?

प्रश्न : मी सांगलीत शिक्षिका आहे. गेले २ महिने माझे ओठ खाजतात, त्यांची साल निघते आणि ओठांच्या कडेबाहेरही लालसर पट्टा उमटला आहे. लिपस्टिक मी ३ वर्षे एकाच कंपनीची वापरते, त्यामुळे दोष तिचा नसावा. पुदिन्याचा अर्क असलेला हर्बल लिप बाम दिवसातून सात-आठदा लावते, शिवाय आई रात्री हळद आणि साय लावायला लावते. तरीही फरक नाही.
– एक वाचक

उत्तर : ३ वर्षे मानवलेली लिपस्टिक चौथ्या वर्षी बाधू शकते. एखाद्या घटकाची ओळख पटून शरीराची प्रतिकारशक्ती त्याच्यावर उलटायला कधी आठवडे, तर कधी वर्षे लागतात. त्यानंतरही त्रास बहुधा एक-दोन दिवसांनी उमटतो. म्हणून रविवारच्या लग्नात लावलेल्या लिपस्टिकचे खापर मंगळवारच्या मिसळीवर फुटते.

लिपस्टिकमधील एरंडेलातले रिसिनोलिक आम्ल, सुगंधी द्रव्ये, लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतला मेणासारखा पदार्थ) किंवा तेल खवट होऊ नये म्हणून घातलेले प्रोपिल गॅलेट, यांपैकी काहीही बाधू शकते. मात्र माझा पहिला संशय तुमच्या बामवर आहे. पुदिन्याच्या तेलाची ॲलर्जी असेल, तर ओठ खाजतात म्हणून बाम आणि बाम लावला म्हणून खाज, असे चक्र सुरू राहते. डबीवर ‘हर्बल’ लिहिल्याने त्यात काही बदल होत नाही. हळदीतील करक्युमिनचीही क्वचित ॲलर्जी होते. हळदीच्या पेठेत राहून हे लिहिणे धाडसाचेच, पण आईंना सध्या थांबायला सांगा.

लिपस्टिक, बाम आणि लेप सगळे बंद करून फक्त सुगंधविरहित पेट्रोलियम जेली लावा. पुदिना किंवा दालचिनीच्या स्वादाची टूथपेस्ट बदला. ओठांवरून जीभ फिरवण्याची सवय असल्यास तीही सोडा, कारण लाळ वाळताना ओठ अधिकच कोरडे पडतात. आंबा सालीसकट चोखून खाल्ल्यावर त्रास वाढत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. सालीतल्या चिकानेही ओठांभोवती असेच पुरळ येते. स्टेरॉइडचे मलम मनाने लावू नका.

खात्री करण्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट करून घ्या. संशयित घटकांच्या पट्ट्या पाठीवर चिकटवून ४८ तासांनी काढतात आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी त्वचा तपासतात. पट्ट्या असेपर्यंत पाठ भिजवता येत नाही. जाताना लिपस्टिक, बाम आणि टूथपेस्ट सोबत न्या, आणि शक्य असल्यास त्यांची खोकीही, कारण घटकांची यादी बहुतेक वेळा खोक्यावरच छापलेली असते.