ईईजीतील लाल ठिपक्याविषयी वाचकांचे प्रश्न

अपस्माराच्या (वारंवार फिट येण्याच्या आजाराच्या) रुग्णांचे नातेवाईक ईईजीची, म्हणजे मेंदूतील विद्युत लहरींच्या नोंदीची, रंगीत चित्रे पाठवून ‘दोष इथेच आहे ना?’ असे वारंवार विचारतात. त्यांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : ईईजी काढताना डोक्याला शॉक देतात का?

नाही, यंत्र केवळ नोंद घेते. केस धुऊन, तेल न लावता यावे.

प्रश्न : भावाला फिट येतात, पण ईईजी नॉर्मल आला. गोळ्या बंद कराव्यात का?

मुळीच नाही. अर्ध्या तासाच्या नोंदीत दोष सापडेलच असे नसते. गोळ्यांबाबत मेंदूविकारतज्ज्ञांना विचारल्याखेरीज काहीही करू नये.

प्रश्न : मुलीच्या ‘ब्रेन मॅपिंग’मध्ये (ईईजीवरून सॉफ्टवेअरने काढलेल्या रंगीत चित्रात) उजव्या कानशिलाजवळ लाल ठिपका आला. दोष तिथेच असल्याचे सांगून केंद्रवाले थेरपीचे पॅकेज घ्यायला सांगतात. घ्यावे का?

घेऊ नये. इलेक्ट्रोड, म्हणजे डोक्याला चिकटवलेल्या तारांच्या चकत्या, त्वचेवरील अतिसूक्ष्म, मायक्रोव्होल्टमध्ये (व्होल्टच्या दहा लाखाव्या भागात) मोजावा लागणारा विद्युत्‌दाब टिपतात. त्याचा मेंदूतील उगम गणिताने काढावा लागतो, आणि बाहेरच्या एकाच नोंदीला आतील असंख्य रचना जुळू शकतात, हे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८५३ मध्येच दाखवून दिले होते. म्हणून प्रत्येक सॉफ्टवेअर काही ना काही गृहीत धरते. गृहीतक बदलले की ठिपका सरकतो, रंगाची मर्यादा बदलली की तो फुगतो किंवा आक्रसतो. मुलीने दात आवळले असतील, तर जबड्याच्या स्नायूंची खळबळ नेमकी कानशिलापाशीच उमटते, आणि सॉफ्टवेअर तिलाही निमूटपणे मेंदूतला पत्ता देऊन टाकते! शिवाय दोन फिटांच्या मधल्या काळात टिपलेल्या टोकदार लहरींचा उगम आणि फिट सुरू होण्याची जागा एकच असेल, असेही नाही. लहरींचा उगम शोधण्याचे हे तंत्र खोटे नाही; रुग्णाचा स्वतःचा एमआरआय, कानाखालच्या भागातील इलेक्ट्रोड आणि स्वच्छ लहरींची सरासरी एवढे असल्यास शस्त्रक्रियेच्या नियोजनात त्याचा खरोखर उपयोग होतो. केंद्राकडून मूळ नोंदीची फाइल मागून घ्यावी आणि ती अपस्मारतज्ज्ञांना दाखवावी. नुसत्या चित्रावरून मत देणे मला मान्य नाही.

प्रश्न : २५६ इलेक्ट्रोडची चाचणी परदेशात करून घ्यावी का?

आधी इथे व्हिडिओ-ईईजी (ईईजीसोबत रुग्णाचे चित्रीकरण) करावा. इलेक्ट्रोड वाढल्याने अचूकता काहीशी वाढते, पण स्नायूंच्या खळबळीसारखा नोंदीतला गोंगाट जात नाही. गरज आहे का, ते तुमचे तज्ज्ञ ठरवतील.

प्रश्न : दोन औषधे पुरेशा मात्रेत घेऊनही पतीच्या फिट सहा वर्षे थांबल्या नाहीत. नव्या औषधाची वाट पाहावी का?

वाट पाहण्यात सहा वर्षे गेलीच आहेत. योग्य निवडलेली दोन औषधे निष्फळ ठरली की अपस्मार औषधांना दाद न देणारा मानतात, आणि त्याच टप्प्यावर शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्या केंद्राकडे जायला हवे होते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेसारख्या ठिकाणी सर्व जुने कागद घेऊन जावे. गोळ्या मात्र एक दिवसही चुकवू नयेत.