ब्रिक गेम पुन्हा सुरू करताना

प्रश्न : माळा आवरताना '९९९९ इन १' ब्रिक गेम (हातात धरून खेळायचा, ठोकळ्यांचा सेलवरचा खेळ) सापडला. जुने सेल आतच राहिले होते, भोवती पांढरी पूड जमली आहे. नवे सेल घातले तरी चालू होत नाही. (सातारा)

उत्तर : चिप गेली असं लगेच समजू नका, दोष बहुधा सेलच्या कप्प्यापाशीच असतो. सेल अल्कलाइन असतील तर पूड क्षारधर्मी असते. कानकोरणीच्या कापसावर पांढऱ्या व्हिनेगरचे दोन थेंब घेऊन पुसा, मग पाण्याने ओलसर केलेल्या कापसाने. साध्या कार्बन-झिंक सेलची गळती आम्लधर्मी असते, तिला व्हिनेगरचा काही उपयोग नाही. ओलसर कापूस आणि नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरे. हातमोजे घाला, पूड फुंकून उडवू नका. स्प्रिंग आणि पत्री बारीक पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा.

तरीही बंदच असेल तर मागचे स्क्रू काढा. एखादा सेलच्या कप्प्यात लपलेला असतो. झाकण हळूच उचला, कारण बझर (आवाज काढणारा भाग) आणि सेलच्या वायरी बहुतेक वेळा मागच्या भागाला जोडलेल्या असतात आणि झटका बसला की तुटतात. आता खरी मेख : गळती वायरीच्या आवरणातूनही आत चढते. वरून वायर धडधाकट दिसते, पण सोलल्यावर आतली तांब्याची तार काळी निघते आणि तिच्यावर सोल्डर (जोड देणारा वितळवलेला धातू) धरत नाही. अशी वायर पुसत बसू नका, दोन्ही टोकांपासून बदला.

कप्प्यात जेवढ्या सेलची जागा असेल तेवढेच घाला. २ पेन्सिल सेलचे ३ व्होल्ट होतात. चार्जेबल सेल प्रत्येकी १.२ व्होल्टचे, म्हणजे एकूण २.४, त्यावर गेम चालला तरी ठोकळे फिकट दिसू शकतात. ३.७ व्होल्टची मोबाइलची बॅटरी जोडायच्या फंदात पडू नका.

प्रश्न : गेम चालतो, पण पडद्यावरच्या दोन ओळी उमटत नाहीत. आणि गोल बटण जोरात दाबावं लागतं. (डोंबिवली)

उत्तर : पडद्याची काच आणि सर्किट बोर्ड यांच्यामध्ये बहुतेक मॉडेलांत रबराची बारीक पट्टी असते, तिला झेब्रा स्ट्रिप म्हणतात. तिच्यात वीजवाहक आणि अवाहक थर एकाआड एक असतात. तिथे धूळ बसली की पूर्ण ओळच गायब होते. पट्टी, काचेची कड आणि बोर्डावरचे पट्टे ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, सुकू द्या, मग स्क्रू थोडे थोडे, आलटून पालटून आवळा. एकाच बाजूने आवळलंत तर दुसरी ओळ जाईल. पट्टीऐवजी चिकटवलेली रिबन (पातळ, चपटी वायर) असेल तर ती ओढू नका. काचेच्या आतून काळा डाग पसरला असेल तर तो पडदा गेलाच.

बटणाखालच्या रबरावर कार्बनची काळी टिकली असते. ती आणि बोर्डावरचा कार्बन हलक्या हाताने पुसा, खरवडू नका. टिकली झिजली असेल तर तिच्यावर ६बी (चित्रकलेची मऊ, गडद) पेन्सिल घासा. काही दिवस निभतं.

प्रश्न : खरंच ९९९९ खेळ असतात का? (पणजी)

उत्तर : छे! पडदा मुळात १० बाय २० चौकोनांचा. त्यात टेट्रिस (मूळ खेळ अलेक्सी पाजित्नोव यांनी १९८४ मध्ये मॉस्कोत केला), गाडी, रणगाडा, साप, बेडूक अशी थोडीच कुटुंबं. एका खेळाला १० वेग आणि १० लेव्हल धरा, झाले १००. त्यात ठोकळ्यांचे किरकोळ फेरफार मोजले की खोक्यावर हवा तो आकडा छापता येतो.

प्रश्न : सेल बदलताना हाय स्कोअर पुसला जातो. काही उपाय? (नाशिक)

उत्तर : स्कोअर वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या मेमरीत असतो. बटणाने गेम बंद केला तर तो राहतो, सेल काढले की जातो. सेल काढण्याआधी वहीत लिहून ठेवा.