दुनळी बंदूक : डाग, डाख की झाळ?

धुळ्याच्या एका वाचकाने विचारलंय : ‘दुनळी बंदुकीच्या दुरुस्तीवरचा मजकूर मराठीत करतोय. सोल्डरिंग आणि ब्रेझिंग, दोन्हींना “डाग देणे” लिहिलं तर चालेल का? इकडे सगळे तेच म्हणतात.’

बोलताना खुशाल म्हणा. या मजकुरात मात्र घोळ होईल, कारण जुन्या दुनळीत बऱ्याचदा दोन्ही जोड एकाच नगात सापडतात. काडतूस भरायला बंदूक मोडून उघडतात त्या टोकाला, नळ्यांच्या खालचा पोलादी ठोकळा पितळेने झाळलेला, म्हणजे ब्रेझिंग केलेला असतो. नळ्यांमधल्या वरच्या-खालच्या लांब पट्ट्या मात्र कथील-शिशाच्या डाखाने, म्हणजे सोल्डरिंगने बसवतात. ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे असा डाख १८३ अंश सेल्सिअसला पाणी होतो. पितळेच्या झाळीला साधारण ९०० अंश लागतात. सुटलेली पट्टी बसवायला आलेल्या कारागिराने ‘डाग द्या’ वाचून पितळ आणि भाता काढला, तर उरलेल्या पट्ट्याही हातात येतील, शिवाय नळीच्या पोलादाचा कस जाईल तो वेगळाच. नळ्या काळ्या करण्याच्या उकळत्या कॉस्टिकच्या क्षारांतही डाख खाल्ला जातो, म्हणून अशा दुनळीला मुद्दाम पातळ गंज चढवून काळं करतात.

तांत्रिक सीमा ४५० अंशांची : जोडणारा धातू त्याखाली वितळला तर डाख, त्यावर वितळला तर झाळ. या हिशेबाने जळगावच्या सराफ बाजारातला सोनार ‘डाग’ म्हणतो ती खरं तर झाळच, त्याची सवागी म्हणजे टाकणखारही झाळकामाचीच. बादली-डब्याला नवसागर लावून कथलाने बुजवतात तो अस्सल डाख. सोनाराला त्याचा शब्द बदलायला सांगणारे आपण कोण!

पण बंदुकीच्या बाबतीत ‘डाग’ टाळाच. नळीवरचा डाग म्हटलं की वाचकाला आधी गंजच दिसतो. त्यात डाख लावताना वापरलेलं आम्ल नीट धुतलं नाही तर पट्टीखाली खरोखरच गंज धरतो. मग ‘डागामुळे डाग पडला’ असं वाक्य लिहायची पाळी तुमच्यावर येईल.

तेव्हा ‘डाख लावणे’ आणि ‘झाळणे’ ही जोडी धरा. वेल्डिंगला यांतलं काहीच लावू नका. तिथे जोडायचे भागच वितळून एक होतात, म्हणून ते वेल्डिंगच राहू द्या.