छपरीत ओढलेल्या सिगारेटचा धूर घरातल्या मुलीपर्यंत पोहोचतो का?

आपले यजमान घरात नव्हे तर छपरीत बसून सिगारेट ओढतात, दारही उघडे असते. मग आत खेळणाऱ्या दीड वर्षाच्या मुलीला अपाय होतो का, असे आपण विचारले आहे. होतो. मी भंडारा जिल्ह्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधनिर्माता आहे आणि लेकरांसाठी खोकल्याचे औषध न्यायला आलेल्या आयांकडून हाच प्रश्न नेहमी ऐकतो.

दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात बोटांत नुसत्या जळत राहिलेल्या टोकाचा धूर हाच आसपासच्यांच्या वाट्याला सर्वाधिक येतो. तो फिल्टरमधून गेलेला नसतो, शिवाय कमी तापमानाला अर्धवट जळून तयार झाल्यामुळे त्यात कित्येक विषारी द्रव्ये ओढणाऱ्याने आत घेतलेल्या धुरापेक्षाही जास्त असतात. तंबाखूच्या धुरात ७००० हून अधिक रसायने सापडली आहेत. बेंझिन, फॉर्माल्डिहाइड, आर्सेनिक, कॅडमियम अशी त्यांतील सुमारे ७० कर्करोगकारक आहेत. कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनची जागा अडवतो, तर ॲक्रोलिनमुळे श्वासनलिकेतील कफ बाहेर ढकलणारे सूक्ष्म रोम निकामी होतात.

लहान मुलाची श्वासनलिका अरुंद असते आणि श्वास मोठ्यांपेक्षा जलद चालतो, म्हणून त्याच हवेतून त्याच्या वजनाच्या मानाने अधिक विष आत जाते. न्यूमोनिया, दमा, फुप्फुसांची खुंटलेली वाढ आणि वारंवार कान फुटणे हे त्याचे परिणाम होत.

आजोबांची विडी सौम्य, हा आपल्या भागातील समज खोटा आहे. तेंदूपत्त्यातून हवा खेळत नसल्याने विडी पुन्हा पुन्हा ओढावी लागते आणि तंबाखू कमी असूनही निकोटिन व डांबर कमी जात नाही. चुलीचा धूर असतोच, असेही म्हणतात. पण तेवढ्याने हा धूर माफ होत नाही, त्यात भरच पडते.

पंखा लावून उपयोग नाही. यजमानांनी अंगणाबाहेर, घरापासून लांब जावे आणि हात धुऊन, सदरा बदलून मगच मुलीला उचलावे. सोडण्याची इच्छा असेल तर १८००-११-२३५६ या निःशुल्क क्रमांकावर मार्गदर्शन मिळते. मुलगी शांत असताना तिचे श्वास मिनिटाला ४० किंवा अधिक भरले, अथवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाऊ लागला, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.