पेस्ट बदलली, तरी कॉम्प्युटर तापतोच

प्रश्न : ताई, उद्यमबागेत आमचं लहान सीएनसी वर्कशॉप आहे. ऑफिसातल्या डेस्कटॉपवर डिझाइन आणि टूलपाथचं, म्हणजे मशीनचं हत्यार कसं फिरवायचं ते ठरवण्याचं काम चालतं. चार वर्षांपूर्वी तो जुळवून घेतला तेव्हा दुकानदारानं प्रोसेसर द्रवानं थंड करणारा दोन पंख्यांचा लिक्विड कूलर बसवला. आता टूलपाथ काढायला लावला की अर्ध्या मिनिटात तापमान पंचाण्णवच्या पुढं जातं आणि मशीन रांगायला लागतं. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली पेस्ट बदलून घेतली, दोन दिवस छान चाललं, परत तेच. कूलरमध्ये पाणी भरून मिळतं का? की प्रोसेसरच बदलूया?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : दादा, प्रोसेसर बदलायची गरज मला दिसत नाही. मर्यादेपर्यंत तापला की तो आपणहून वेग कमी करतो, तेच तुम्हाला रांगणं दिसतंय. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांत ही मर्यादा १०० अंश असते, एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या बऱ्याच प्रोसेसरांत ९५.

तुमच्या पत्रातली मोलाची गोष्ट म्हणजे ते ‘दोन दिवस छान’. बरी पेस्ट काही वर्षं टिकते, दोन दिवसांत वाळत नाही. मग बदललं काय? पेस्ट लावताना ब्लॉक, म्हणजे कूलरचा प्रोसेसरवर टेकणारा भाग, उचलला गेला, नळ्या हलल्या, आणि आत अडकलेली हवा तेवढ्यापुरती बाजूला सरकली असावी. बहुतेक कूलरांत पंप त्या ब्लॉकमध्येच असतो. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षं थोडी थोडी वाफ बाहेर जाते, द्रव कमी होतो, हवेची जागा वाढते. ती हवा पंपात शिरली की द्रव फिरत नाही.

याची खात्री घरीच करता येते. तापमान कसं चढतंय ते बघा. काम लावताच झटक्यात चढलं, तर उष्णता ब्लॉकपाशीच अडतेय : पंप बंद, किंवा ब्लॉक नीट बसलेला नाही. दहा-वीस मिनिटांत हळूहळू चढलं, तर द्रव फिरतोय पण पंख्यांना जोडलेला रेडिएटर उष्णता बाहेर टाकत नाही. तुमचं पहिल्या प्रकारातलं आहे. बाजूचं झाकण काढून, मशीन कामाला लावून, पंख्यांपासून बोटं सांभाळून रेडिएटरला हात लावा. आत ९५ अंश आणि रेडिएटर गार, याचा अर्थ बहुधा द्रव फिरत नाही, किंवा ब्लॉक नीट टेकलेला नाही.

मग बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, पंपाचे फेरे बघा. शून्य किंवा सारखे वरखाली होत असतील तर आधी वायर तपासा. पुष्कळदा पंपाची वायर साध्या पंख्याच्या जागी जोडलेली असते आणि मदरबोर्ड तिला वीज कमी देतो. ती पंपाच्या जागी लावा, वेग पूर्ण ठेवा. सुरू करताना गुळगुळ आवाज येत असेल तर रेडिएटर कुठं बसवलाय ते बघा. हवा सगळ्यात उंच जागी जमते, ती जागा पंपाची नको, रेडिएटरची हवी. ब्लॉक परत बसवायचाच झाला तर स्क्रू तिरक्या क्रमानं, थोडे थोडे आवळा.

पाणी भरायचं मात्र विसरा. हे कूलर बहुतेक सीलबंद असतात. आतला द्रव गंजरोधक घातलेला असतो, कारण ब्लॉक तांब्याचा आणि रेडिएटर बहुधा अॅल्युमिनियमचा. बोअरचं पाणी आत गेलं तर क्षार आणि गंज दोन्ही वाढतील. शिवाय फोडलेल्या कूलरची वॉरंटी जाते. काही कूलरांना पाच-सहा वर्षांची असते, म्हणून आधी बिल शोधा.

वर्कशॉपवाल्यांना आणखी एक विनंती, अगदी मनापासून. धूळ काढायला कॉम्प्रेसरची गन मारू नका. त्या हवेत पाणी आणि तेल असतं, दाबानं रेडिएटरच्या पात्या वाकतात, आणि ग्राइंडिंगची लोखंडी पूड बोर्डवर उडाली तर शॉर्ट होतो. मशीन बंद करून, पंखा बोटानं धरून, मऊ ब्रश आणि लहान ब्लोअर वापरा.

पंप गेलाच असेल तर तुमच्यासारख्या जागी मी मोठा एअर कूलर बसवीन. त्यात बिघडण्यासारखा फक्त पंखा, आणि तो कुठंही मिळतो. घेण्याआधी कॅबिनेटची रुंदी मोजा, मोठे कूलर १६० मिमीच्या आसपास उंच असतात आणि उभ्या बोर्डवर ती उंची रुंदीच्या दिशेनं येते. तोवर बायोसमध्ये प्रोसेसरची वॅट मर्यादा उतरवून हलकं काम करता येईल, पण पंप ठप्प असेल तर तेही नको.

प्रश्न : ग्राफिक्स कार्डावर पाण्याचे थेंब दिसले. कूलर लिक्विडचा आहे. आमच्याकडच्या पावसात दमटपणा साचला असेल का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : खानापूरचा पाऊस कितीही असो, चालू मशीनमध्ये दंव साचत नाही. या कूलरमधला द्रव खोलीच्या तापमानाखाली जातच नाही. तेव्हा एकतर वरून कौल गळतंय, नाहीतर कूलर. लगेच बंद करा, प्लग काढा. थेंब बोटाला चिकट लागला किंवा वाळल्यावर डाग राहिला तर तो बहुधा कूलरचा. नळी जिथं ब्लॉकला आणि रेडिएटरला जोडलेली आहे तिथं पांढरं पापुद्र्यासारखं काही दिसतं का बघा. कार्ड काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, कोरड्या जागी निदान एक दिवस ठेवा. गळका कूलर परत जोडू नका.