मांसाहारी, कीटकभक्षी की मांसभक्षी?

चोपड्याच्या एका शिक्षिकेने विचारलंय: मुलाने तक्त्यावर ‘मांसाहारी वनस्पती’ असं लिहिलं, पुस्तकात ‘कीटकभक्षी’ आहे. चूक धरायची का?

ताई, गुण कापू नका, पण शब्द बदलायला जरूर सांगा. ‘आहार’ म्हटलं की रोजचं पोट भरणं आलं, आणि या वनस्पतींचं पोट किड्यांवर भरतच नाही. पानं हिरवी असतात, अन्न त्या उन्हातच करतात. किड्याकडून त्यांना हवं असतं ते मुख्यतः नत्र आणि स्फुरद. आपल्याकडे केळीला युरिया देतात, तसाच हा डोस. म्हणून तर त्या निकस, पाणथळ जागी वाढतात. कसदार जमिनीत उंच झाडोरा त्यांचं ऊन अडवतो आणि किडे पकडणारा सापळा बांधण्याचा खर्चही वसूल होत नाही.

‘भक्षी’ मात्र चपखल, कारण इथे खरोखरच भक्ष्य पकडलं जातं. दवबिंदू (ड्रॉसेरा) या वनस्पतीचं पान भिंगातून बघा. प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब असतो. मुंगी त्यात अडकून धडपडली की शेजारचे केस तिच्यावर वाकतात, पाचक रस सुटतो, आणि शेवटी पानावर नुसतं पोकळ कवच उरतं.

या रसातला कायटिनेज, म्हणजे कायटिन नावाचा चिवट पदार्थ तोडणारा एन्झाइम, मला फार मोलाचा वाटतो. बुरशीच्या पेशीभित्तीत कायटिन असतं, किड्याच्या कवचातही तेच. वनस्पती बुरशीपासून बचावासाठी कायटिनेज आधीपासून बनवतच होत्या. उत्क्रांतीत तेच हत्यार पचनाला जुंपलं गेलं. तेही एकदाच नव्हे: एकमेकांशी दूरचं नातं असलेल्या कुळांमध्ये हा गुण स्वतंत्रपणे अनेकदा उपजला.

आता ‘कीटक’. डार्विनने १८७५ साली ‘इन्सेक्टिव्होरस प्लांट्स’ लिहिलं, तेव्हा नावात कीटकच घेतले. दवबिंदू आणि सुरईसारख्या पानात किडे पकडणारी घटपर्णी यांना ते शोभतं. पण युट्रिक्युलारिया, म्हणजे कासच्या पठारावरची सीतेची आसवं ज्या गटातली, त्यातल्या पाण्यातल्या जाती इवल्या फुग्यांत पाणपिसवा ओढून घेतात. पाणपिसू कीटक नाही, ती खेकडा-कोळंबीच्या गोतातली.

तेव्हा तक्त्यावर दवबिंदू नि घटपर्णीच असतील तर ‘कीटकभक्षी’ लिहा. युट्रिक्युलारियाही असेल तर मथळा ‘मांसभक्षी वनस्पती’ करा.