ड्राफ्टचा क्रमांक पाहून खेळाडूला नावं ठेवण्याआधी

एनएचएल, म्हणजे उत्तर अमेरिकेतली आइस हॉकी लीग, नव्याने बघायला लागलायस ना, मग एक ऐक. ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, पहिल्या क्रमांकावर घेतलेला खेळाडू चमकला नाही की लगेच ‘फुकट गेला’ म्हणू नकोस. पात्रिक श्टेफानचं उदाहरण घे. १९९९ मध्ये अटलांटा थ्रॅशर्सने त्याला सगळ्यांत आधी निवडलं. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर व्हँकुव्हरने घेतलेले सेडीन जुळे भाऊ पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे हॉकीतल्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत, गेले. ही तुलना त्याला कायमची चिकटली. पण तो गेला कुठे, तर अगदी नव्या संघात. पहिल्या हंगामात त्या संघाने जेमतेम १४ सामने जिंकले. शिवाय ड्राफ्टच्या आधीच त्याच्या डोक्याला मार बसला होता, आणि शेवटी कंबरेच्या सांध्याच्या दुखण्याने त्याला थांबवलं. ४५५ सामने, ६४ गोल.

जानेवारी २००७ मध्ये डॅलसकडून खेळताना रिकाम्या जाळीसमोर पक (खेळातली रबरी चकती) उडाला, श्टेफान पडला आणि एडमंटनने बरोबरी साधली. ती क्लिप तुला कुणीतरी दाखवेलच. तेव्हा हेही सांग, की तो सामना डॅलसनेच जिंकला होता. मला तर ४५५ सामने मुळीच थोडे वाटत नाहीत.